डिस्प्ले चिकटवला तरी परत परत सुटतोय? गम बदलायच्या आधी हे वाचा

नवीन डिस्प्ले टाकून आणलेला असतो, दहा-पंधरा दिवस फोन झकास चालतो आणि मग एक दिवस खालचा कोपरा जरासा वर आलेला दिसतो. बोटाने दाबला की टक करून बसतो, सोडला की परत वर. रात्री दिवे बंद केले की कडेने उजेडाची बारीक रेघ दिसते. दुकानात नेला तर तो परत गम लावून रबर बांधून देतो आणि महिन्याभरात परत तेच. माझं एसटी स्टँडसमोर मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर आहे, अकरा वर्षं झाली, आणि असे "परत सुटलेले" फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतातच. प्रत्येकाचं म्हणणं एकच, दादा सगळ्यात स्ट्राँग गम कुठला तो लावा, पैसे जास्त गेले तरी चालतील.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण ह्या "सगळ्यात स्ट्राँग"च्या नादात लोकांचे चांगले चालू डिस्प्ले फुकट गेलेले मी बघितलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. डिस्प्लेला पोलादासारखा कडक गम नकोच असतो. त्याला लागतो वाळल्यावरही रबरासारखा मऊ राहणारा गम. काच आणि ॲल्युमिनियमची फ्रेम गरम झाल्यावर सारख्या फुगत नाहीत, ॲल्युमिनियम काचेच्या अडीच-तीन पट पसरतं, त्यात फोन मागच्या खिशात दबतो, गाडीवर हादरे खातो, मग मधला गम थोडा ताणला गेला पाहिजे आणि परत जागेवर आला पाहिजे. आणि उद्या बॅटरी किंवा चार्जिंग पोर्ट बदलायची वेळ आली की गरम केल्यावर त्याने पकड सोडली पाहिजे. ह्या दोन गोष्टी ज्याला जमतात तो चांगला गम. मोठ्या कंपन्याही आता सहज सुटणाऱ्या गमच्या मागे लागल्यात, २०२४ च्या साध्या आयफोन १६ मध्ये बॅटरीखाली असा गम आहे की त्याला ९ व्होल्टचा करंट दिला की दीडएक मिनिटात बॅटरी आपोआप सुटते.

पण गमच्या आधी एक फोन सांगतो.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या इथले एक रिटायर गुरुजी आले. फोन रुमालात गुंडाळलेला. "अरे बाळा, तिसऱ्यांदा सुटला रे हा. दोनदा बाहेरून चिकटवून आणला." मी म्हटलं, "बसा गुरुजी, उघडून बघू." गरम होणाऱ्या मॅटवर ठेवून गरम केला, पिक म्हणजे फोन उघडायची प्लास्टिकची पातळ पट्टी घालायला गेलो तर वरच्या तीन बाजू सुटल्या आणि खालची बाजू काही केल्या सुटेना. तिथे कोणीतरी सुपरग्लू ओतला होता. काचेसारखा कडक, नख लागत नाही, ८० अंशाला ढिम्म हलत नाही. पाऊण तास हळूहळू केलं तरी शेवटी खालच्या कडेला केसाएवढी चीर गेली आणि डिस्प्लेवर हिरव्या रेघा आल्या. चालू डिस्प्ले होता हो तो, फक्त सुटलेला होता.

आणि खरं कारण तर आतच होतं. बॅटरी फुगलेली. वरून बघितलं तर जेमतेम कळत होतं, पण काढून काउंटरच्या काचेवर ठेवली आणि कोपऱ्याला टिचकी मारली तर भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली. चांगली बॅटरी सपाट असते, ती फिरत नाही, घासत थांबते. मी गुरुजींना दाखवलं, "गमचा काही दोष नाही, ही बॅटरी आतून डिस्प्लेला ढकलतेय." ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे भिंत खचतेय आणि आपण वरून चुना लावतोय." अगदी तेच. नवीन बॅटरी, नवीन फोल्डर (आमच्या भाषेत टच-काचेसकट अख्खा डिस्प्ले) आणि साधा बी-७००० गम लावून दिला, अजून हललेला नाही.

तर पहिलं काम हे, सुटलेली जागा नीट बघायची. ती बरंच सांगते.

लांब बाजूच्या मध्यावर, म्हणजे जिथे खाली बॅटरी असते त्या भागात डिस्प्ले वर आला असेल तर गम विकत आणूच नका, आधी बॅटरी बघा. मागचं कव्हर मधोमध थोडं फुगल्यासारखं वाटतंय का, फोन टेबलावर पालथा-उताणा ठेवल्यावर डुगडुगतो का, स्क्रीनवर दाबल्यावर पाण्यात रंग हलल्यासारखे डाग दिसतात का. ह्यातलं काहीही असेल तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, ब्लोअरने गरम करू नका आणि स्वतः पत्र्याच्या चाकूने बॅटरी उचकटायच्या भानगडीत अजिबात पडू नका. फुगलेल्या बॅटरीत गॅस असतो आणि तिला भोक पडलं की पेट घेऊ शकते. ती काढायचं काम ज्याला सवय आहे त्याच्याकडेच द्या आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

एकाच कोपऱ्यातून सुटतोय आणि त्या कोपऱ्याला पडल्याची खूण आहे, तर फ्रेम वाकलेली असते. डोळ्याला दिसत नाही. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेमच्या कडेवर ठेवा आणि उजेडासमोर बघा, खालून प्रकाश दिसला की समजा तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. अर्ध्या मिलीमीटरचा उंचवटा गम कधीच झाकत नाही, कारण डिस्प्ले तिथे स्प्रिंगसारखा सतत वर उठत असतो आणि मऊ गम रात्रंदिवस ओढला गेला की हळूहळू हरतोच. फ्रेम सरळ करणं किंवा बदलणं हाच मार्ग आहे.

वरच्या बाजूने, इअरपीसपाशी सुटतोय तर बऱ्याचदा इअरपीसची जाळी नाहीतर सेन्सरवरचं छोटं रबर जागेवर बसलेलं नसतं. खालच्या बाजूने सुटतोय तर डिस्प्लेची फ्लेक्स पट्टी, म्हणजे डिस्प्ले बोर्डाला जोडणारी पातळ लवचिक वायर, नीट घडी होऊन बसली नाहीये, नाहीतर कनेक्टरवरची पत्र्याची प्लेट तिरकी लागलीय. आणि चारही बाजूंनी पापडासारखा सुटून हातात येतोय तर कारण एकच, आत जुना गम आणि तेलकटपणा तसाच ठेवून वर नवीन गम लावलेला आहे.

अजून एक कारण आहे जे गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही. ओरिजिनल फोनमध्ये ॲमोलेड डिस्प्ले होता आणि स्वस्तात म्हणून एलसीडीचा कॉपी फोल्डर टाकला. एलसीडीला मागून बॅकलाइट लागतो म्हणून तो जाड असतो, तो फ्रेममध्ये थोडा वरच बसतो आणि कडा कपड्याला, कव्हरला अडकून उचकटत राहतात. दाब देऊन बसवला तर आतून तडा जातो. अशा फोनचा डिस्प्ले महिन्याला चिकटवत बसण्यापेक्षा योग्य जाडीचा, जमलं तर फ्रेमसकट येणारा फोल्डर घेतलेला शेवटी स्वस्त पडतो, असं मी सरळ सांगतो. त्यात चिकटवायचं कामच कंपनीने केलेलं असतं, आपण फक्त आतलं सामान त्या फ्रेममध्ये हलवायचं.

हे सगळं एका झटक्यात तपासायची युक्ती म्हणजे कोरडं बसवून बघणं. गम न लावता डिस्प्ले फ्रेममध्ये ठेवा, हात काढा. चारही बाजूंनी स्वतःच्या वजनाने सपाट बसला पाहिजे. मग लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा नाही, साध्या वहीच्या कागदाचा तुकडा घेऊन कडेने फिरवा, जिथे कागद सहज आत शिरतो तिथे अडचण आहे. बोट ठेवल्याशिवाय बसत नसेल तर पुढे जाऊ नका. माझ्याकडे नवीन मुलगा शिकायला आला की मी त्याला आठ दिवस हेच करायला लावतो, गमच्या ट्यूबला हात लावू देत नाही.

आता सफाई. ह्यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात आणि अर्ध्या केसेस इथेच बिघडतात. जुना गम फ्रेमच्या खाचेतून पूर्ण निघाला पाहिजे. फ्रेम थोडी कोमट करायची आणि प्लास्टिकच्या पिकने किंवा लाकडी टूथपिकने कोपऱ्यातून सुरुवात करून ढकलत न्यायचं, खोडरबराच्या वळ्या निघतात तशा जुन्या गमच्या वळ्या निघतात, त्या चिमट्याने उचलायच्या. धातूचा चाकू घासू नका, फ्रेमवर ओरखडे पडतात आणि खाचेच्या शेजारूनच अँटेनाच्या, बटनांच्या पट्ट्या गेलेल्या असतात. सगळं निघाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आमच्या भाषेत आयपीए, ९९ टक्केवालं, कापडाच्या टोकाला अगदी थोडं लावून खाच पुसायची आणि दोन-तीन मिनिटं उडून जाऊ द्यायचं. त्यानंतर त्या खाचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल डोळ्याला दिसत नाही पण गमला बरोबर कळतं.

इथे सॅनिटायझर वापरू नका. कोरोनापासून प्रत्येकाच्या घरात बाटली आहे आणि लोक म्हणतात त्यातही अल्कोहोलच आहे की, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, पाणी असतं, ते मागे चिकट थर ठेवतं आणि त्यावर कुठलाच गम धरत नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर हेही नको, ते प्लास्टिक आणि रंग खातात आणि डिस्प्लेच्या कडेतून आत गेले तर आतली फिल्म खराब होते. आयपीएसुद्धा डिस्प्लेच्या कडेवर ओतायचं नाही, एलसीडीत ते बॅकलाइटच्या थरांत शिरतं आणि ढगासारखे डाग पडतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आयपीए सहज मिळतं, गावाकडे असाल तर ऑनलाइन मागवा, पण लेबलवर टक्केवारी बघून घ्या.

हे सगळं झालं की मग गम कुठला हा प्रश्न.

बहुतेक फोनना बी-७००० पुरतो. पारदर्शक असतो, ट्यूबच्या तोंडाला सुईसारखी बारीक नळी असते, वाळल्यावर रबरी राहतो आणि गरम केल्यावर सुटतो. १५ मिलीची छोटी ट्यूब घ्या, घरच्या कामाला ११० मिलीची घेतली तर अर्धी वाळूनच जाते. टी-७००० हा त्याचाच काळा भाऊ, फ्रेम काळी असेल किंवा कडेने उजेड झिरपत असेल तर तो बरा, पण पांढऱ्या किंवा सोनेरी फोनला लावलात आणि बाहेर आला तर काजळ लावल्यासारखं दिसतं. टी-८०००, ई-८००० ही नावंही दुकानात ऐकाल, ती त्याच घराण्यातली, डिस्प्लेच्या कामात मला त्यांच्यात फार मोठा फरक जाणवलेला नाही, जो ताजा मिळेल तो घ्या. ताजा मात्र पाहिजे. ट्यूब दाबल्यावर तार काढत मधासारखा यायला हवा, गाठी येत असतील किंवा च्युइंगमसारखा ताणला जात असेल तर ती ट्यूब संपली समजा.

ह्या गमचा एक स्वभाव समजून घेतला की निम्मे घोळ टळतात. तो वाळतो आतलं द्रावण हवेत उडून. म्हणजे त्याला हवा लागते. काच आणि फ्रेमच्या मध्ये जाड थर दाबून टाकलात तर कडेची साय पटकन धरते आणि आतला गम कितीतरी दिवस ओलाच राहतो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं बाहेरून तर वाळलाय, चौथ्या दिवशी उन्हात फोन गरम झाला की तो ओला गम सरकतो आणि डिस्प्ले एका बाजूला घसरतो. जास्त गम म्हणजे जास्त पकड असं अजिबात नाही, उलट आहे.

दुसरा पर्याय टेप. फ्रेम सरळ असेल, खाच स्वच्छ आणि बऱ्यापैकी रुंद असेल तर मला स्वतःला टेपच जास्त आवडते, कारण जाडी सगळीकडे सारखी, वाहून कुठे जात नाही, वास नाही आणि पुढच्या वेळी उघडायला सोपी. लाल कागदाची पारदर्शक दुहेरी टेप किंवा काळी, १, २, ३ मिलीमीटर रुंदीत मिळते, खाचेपेक्षा किंचित अरुंद घ्यायची. आयफोन आणि सॅमसंगच्या वरच्या मॉडेलना तर त्या त्या मॉडेलचं कापून तयार स्टिकर मिळतं, तेच लावा, तिथे गमचे प्रयोग करू नका, कारण त्या खाचेचा आकारच स्टिकरसाठी केलेला असतो. टेपची एकच अट आहे, ती दाबाने आणि वेळाने चिकटते. अशा ॲक्रिलिक टेपची पकड पहिल्या वीसेक मिनिटांत साधारण अर्धीच आलेली असते, एका दिवसात बरीचशी येते आणि पूर्ण यायला तीन दिवस जातात. म्हणून टेप लावून लगेच कव्हर चढवून फोन खिशात टाकला आणि सुटला तर टेप वाईट नव्हती, तिला वेळच मिळाला नाही.

खाच एक मिलीमीटरपेक्षा बारीक आहे, आजकालच्या कमी बेझलच्या, म्हणजे स्क्रीनभोवती अगदी बारीक कड असलेल्या फोनना असते तशी, किंवा फ्रेमवर जुन्या मारामारीचे खड्डे आहेत, तर टेप बसत नाही, तिथे गम. काही जण कोपऱ्यांना गम आणि बाजूंना टेप असं करतात, मीही करतो कधीकधी, पण टेपवर गम चढला तर तिथे उंचवटा होतो, हात बसल्याशिवाय करू नका.

आता जे लावायचंच नाही ते.

सुपरग्लू, म्हणजे घराघरात असतो तो झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट. तो हवेतल्या ओलाव्याने क्षणात कडक होतो आणि काचेसारखा ठिसूळ राहतो, फोन एकदा पडला की टिचून सुटतो. जिथे टिचत नाही तिथे असा धरतो की डिस्प्ले मोडल्याशिवाय निघत नाही, गुरुजींच्या फोनचं झालं तसं. शिवाय वाळताना त्याची वाफ निघते, ती आजूबाजूला पांढऱ्या भुकटीसारखी बसते, पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेवर, इअरपीसच्या जाळीवर. मग फोटो धूसर येतात आणि माणूस म्हणतो कॅमेरापण गेला वाटतं. सांडलेला सुपरग्लू कापसाने तर चुकूनही पुसू नका, कापसावर तो इतका गरम होतो की धूर निघतो आणि बोट भाजतं, माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या पोराच्या बोटाला फोड आलेला मी स्वतः बघितलाय.

दोन ट्यूब मिसळून लावायचा एपॉक्सी, तो कायमचा. तुटलेल्या लोखंडी खुर्चीला छान आहे, फोनला लावला की तो फोन परत उघडणं जवळपास संपलं.

बाथरूमचं, खिडकीचं सिलिकॉन, ह्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण आमच्या कोकणात पावसाच्या भीतीने हे लोक फार करतात. वॉटरप्रूफ होईल म्हणून कडेने पांढरं सिलिकॉन भरतात. त्यातलं जे सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं ना, तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि बंद फोनमध्ये ते ॲसिड तांब्याला खातं. असा एक फोन मी उघडला होता, बाहेरून कोरडा ठणठणीत, पाण्याचा थेंब गेलेला नाही आणि आत डिस्प्लेच्या कनेक्टरच्या कडेला हिरवी बुरशी आल्यासारखा थर. पाण्याने केलं नसतं एवढं नुकसान सिलिकॉनने केलं होतं.

आणि यूव्ही गम, ज्याला निळ्या टॉर्चखाली धरतात तो. तो काच आणि डिस्प्ले एकमेकांना जोडायला असतो, फक्त वरची काच बदलतात तेव्हा. फ्रेमला चिकटवायला नाही. फ्रेमच्या सावलीत उजेड पोचत नाही आणि तो गम आत तसाच पातळ राहून बटनांत, स्पीकरमध्ये उतरतो. वक्र स्क्रीनला यूव्ही टेम्पर्ड ग्लास लावून घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, लावताना इअरपीस आणि बटनं टेपने झाकलीत का ते दुकानात उभं राहून बघा. आवाज कमी झालाय म्हणून येणाऱ्या फोनमध्ये हा गम जाळीत सुकलेला मला कितीदा सापडतो.

लावायची पद्धत. गम फ्रेमच्या खाचेत लावायचा, डिस्प्लेच्या पाठीवर नाही. एक मिलीमीटरची सलग बारीक रेघ, रांगोळीची रेघ ओढतो तशी, हात न थांबवता, कारण जिथे हात थांबतो तिथे गोळा पडतो. इअरपीस, माइकचं भोक, प्रॉक्सिमिटी सेन्सर (फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करतो तो), कॅमेरा आणि खालची फ्लेक्स पट्टी ह्यांच्या आसपास दोन मिलीमीटर जागा मोकळी सोडायची. माइकच्या भोकात गम गेला की समोरच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि मग त्याच्यासाठी परत फोन उघडा. रेघ ओढून झाली की लगेच डिस्प्ले ठेवू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. गमची चकाकी जरा मंदावते, टूथपिक लावलं तर बारीक तार येते, ती वेळ. आणि हो, डिस्प्ले बसवण्याआधी कनेक्टर लावून फोन चालू करून टच, ब्राइटनेस, कॉलवर स्क्रीन बंद होते का, सगळं बघून घ्या. गम लावल्यावर टच चालत नाही कळणं ह्यासारखा मनस्ताप नाही.

बसवल्यावर दाब. चार-पाच रुंद रबरबँड किंवा प्लास्टिकच्या क्लिपा, खाली कापडाची किंवा फोमची घडी. दाब कडांवर सगळीकडे सारखा पाहिजे, मधोमध नको. ॲमोलेडची पातळ स्क्रीन क्लिपच्या टोकाच्या दाबाने आतून फुटते, वरची काच शाबूत आणि आत शाईचा डाग. रबर कचकचून आवळायचं नाही, डिस्प्ले हलणार नाही एवढंच. बाहेर आलेला गम ओला असताना पुसायला जाऊ नका, पसरतो, अर्ध्या तासाने नखाने अलगद ओढला की दोरीसारखा निघतो.

किती वेळ? कमीत कमी दोन-तीन तास रबर ठेवायचंच, रात्रभर ठेवलं तर फारच छान, आणि पूर्ण ताकद यायला एक ते दोन दिवस. तोपर्यंत कव्हर घालू नका, गेम खेळू नका, फास्ट चार्जरला लावू नका, कारण फोन तापला की ताजा गम मऊ पडतो. माझ्याकडून संध्याकाळी पाचला फोन घेऊन साडेपाचची गाडी पकडायची असते लोकांना, मला कळतं, पण मी शक्यतो दुसऱ्या दिवशीच देतो. जून ते सप्टेंबर तर हवेतच इतका ओलावा असतो की मी वेळ दुप्पट धरतो आणि फ्रेम लावायच्या आधी मॅटवर जराशी कोमट करून घेतो, म्हणजे धातूवर दमट थर राहत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांचा त्रास वेगळा, तिकडे ऊन. दुचाकीच्या हँडलला फोन लावून भर दुपारी मॅप चालू, किंवा बंद गाडीत डॅशबोर्डवर फोन ठेवलेला, तिथे काळा फोन किती तापतो ते हात लावून बघा. जो गम ८० अंशाला सुटतो म्हणून आपण निवडला तो त्याच्या बराच आधीपासून मऊ पडायला लागतो, आणि उन्हाने बॅटरी फुगते ते वेगळंच. ऑर्डर पोचवणाऱ्या मुलांचे फोन माझ्याकडे ह्याच कारणाने येतात. त्यांना मी टेप लावून देतो आणि होल्डर असा घ्यायला सांगतो जो फोनला चारही कोपऱ्यांनी धरतो, मधून पिळत नाही.

पाण्याबद्दल लोक विचारतातच. एकदा फोन उघडला की कंपनीचा आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही हा शिक्का, धरून चालू नका, कितीही चांगलं स्टिकर लावलं तरी. नवीन फोनचंसुद्धा ते कायम टिकत नाही असं कंपन्या स्वतःच लिहितात. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या टेबलावर चिखलाचे फोन होते, त्यात "वॉटरप्रूफ आहे हा" म्हणून पाण्यात नेलेलेही होते. डिस्प्ले नीट चिकटला तर पावसाचे चार थेंब आणि हाताचा घाम रोखतो, तेवढीच अपेक्षा ठेवा. पावसात साधी प्लास्टिकची पिशवी बरी.

फक्त एक कोपरा इंचभर सुटलाय, बॅटरी ठीक आहे, फ्रेम सरळ आहे, बाकी तिन्ही बाजू घट्ट आहेत, तर पूर्ण फोन उघडायची गरज नाही. पण ट्यूबची नळी फटीत घालून पिळू नका, कृपा करून नको, गम कुठे जातो ते दिसत नाही आणि तो सरळ डिस्प्लेच्या मागे पसरतो. त्यापेक्षा फोन बंद करा, पातळ कार्डाच्या कडेला आयपीए लावून फटीतली धूळ आणि जुन्या गमचे कण बाहेर ओढा, पाच मिनिटं सुकू द्या, मग टूथपिकच्या टोकावर बी-७००० चा मोहरीएवढा थेंब घेऊन फक्त फ्रेमच्या कडेला फासा, दोन मिनिटं थांबा, दाबा, रबर लावा आणि रात्रभर विसरून जा. तोच कोपरा परत आला तर तिसऱ्यांदा गम लावू नका, फोन उघडून घ्या.

ट्यूब ठेवायची कशी तेही सांगतो, कारण वर्षाला एकदा लागणारी वस्तू दरवेळी नवीन आणावी लागते अशी तक्रार असते. वापरून झाली की नळीचं तोंड पुसा, झाकणातली पिन सरळ नळीत गेलीय ना ते बघून झाकण घट्ट लावा आणि ट्यूब तोंड वर करून उभी ठेवा. नळी बुजली असेल तर टाचणी तापवून घालायला जाऊ नका, हा गम पेट घेतो, साधी टाचणी घालून गाठ बाहेर ओढा, पहिला वाटाण्याएवढा गम कागदावर टाकून द्या आणि मग फोनला लावा.